पी. एल. ४८० चा गहूं : दान कीं विक्रय ?

ताम्रपट हातीं आला म्हणजे संशोधक त्यांत प्रथम चार गोष्टी शोधतो : दाता कोण, प्रतिग्रहीता कोण, दिलेलें काय, आणि दानाचा हेतु काय. हेतु बहुधा ठराविक शब्दांत सांगितलेला असतो. आईबापांच्या व स्वतःच्या पुण्याची आणि यशाची वृद्धि व्हावी, एवढेंच दाता म्हणतो. परंतु तेवढ्यावर विसंबून राहणारा संशोधक आतां विरळा. दिलेलें गांव सीमेवरचें होतें काय, प्रतिग्रहीता परप्रांतांतून आणून वसविला होता काय, पडीत जमीन लागवडीस आणण्याचा उद्देश होता काय, हेंही तो पाहतो; आणि असें पाहिल्यानें दात्याची श्रद्धा खोटी ठरते असें मात्र तो मानीत नाहीं. श्रीमंत राष्ट्रें गरीब राष्ट्रांस जें साहाय्य देतात त्याची छाननी करतांनाही हीच रीत उपयोगी पडावी असें वाटल्यावरून प्रस्तुत लेख लिहिला आहे. उदाहरण घेतलें आहे तें अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनीं १९५६ पासून १९७१ पर्यंत हिंदुस्थानास पुरविलेल्या धान्याचें. हें धान्य, मुख्यतः गहूं, पांच कोटी टनांच्या आसपास भरतें. एका राष्ट्रानें दुसऱ्यास इतक्या मोठ्या प्रमाणावर धान्य पुरविल्याचीं उदाहरणें इतिहासांत थोडीं.

ह्या विषयाची लोकांतील आठवण आणि कागदपत्रांतील हकीकत यांत अंतर पडलें आहे, तें आधीं दाखविणें जरूर आहे. १९७२ च्या दुष्काळांत प्रस्तुत लेखक सोलापूर जिल्ह्यांतील एका खेड्यांत शाळेंत शिकत होता. रेशनच्या दुकानांत तांबडी ज्वारी येई. तिला सर्व लोक मिलो म्हणत. तिची भाकरी थापतां थापतां तुटे, म्हणून घरोघर बायका तिला नांवें ठेवीत. आणि अमेरिकेनें आपल्या जनावरांचें खाणें आम्हांस धर्म म्हणून धाडलें, हें बोलणें पारावर रोज ऐकूं येई. अनेकांच्या तोंडीं तें आजही आहे. वस्तुतः रुपयांत किंमत घेऊन धान्य देण्याची अमेरिकेची व्यवस्था १९७१ अखेर बंद पडली होती, आणि ह्या दुष्काळाच्या टंचाईंत भारत सरकारनें परदेशांतून आणलेलें धान्य मुख्यत्वें परकीय चलन मोजून बाजारभावानें घेतलेलें होतें. विकत घेतलेलें धान्य लोकांनीं धर्माचें समजून खाल्लें, असें म्हणावें लागतें.

दुसरें उदाहरण गाजरगवताचें. ह्यालाच आपल्याकडे काँग्रेस गवत म्हणतात, आणि त्याचें बीं पी. एल. च्या गव्हांतून आलें असें विद्यार्थ्यांपासून प्राध्यापकांपर्यंत सर्व सांगतात. मींही वर्गांत कैक वर्षें तसेंच सांगितलें. परंतु पुण्यास उकिरड्यांवर उगवलेलें हें गवत वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नजरेस आलें तें १९५५ सालीं, आणि पी. एल. ४८० खालील हिंदुस्थानाशीं पहिला करार झाला २९ ऑगस्ट १९५६ रोजीं. कार्य आधीं व कारण मागून, असें होऊं शकत नाहीं. १९५१ सालीं अमेरिकेहून आलेल्या गव्हाबरोबर तें आलें असेल असा तर्क करण्यास जागा आहे. पण वनस्पतिसंग्रहांत त्याहूनही पुष्कळ जुने नमुने असल्याचें पुढें निदर्शनास आल्यामुळें त्या तर्काचेंही बळ कमी होतें. प्रवाद मात्र टिकला. परक्याकडून आलेल्या वस्तूंत कांहीं तरी खोट असावयाचीच, ह्या लोकसमजुतीस तो सोयीचा होता.

आतां मूळ हकीकत. १९५० च्या डिसेंबरांत, बिहार, मद्रास इत्यादि प्रांतांतील पिकें बुडाल्यावर, हिंदुस्थानच्या वॉशिंग्टन येथील वकील विजयालक्ष्मी पंडित (राजतरंगिणीचें इंग्रजी भाषांतर करणारे रणजित पंडित यांच्या ह्या पत्नी) यांनीं अमेरिकन सरकारकडे वीस लक्ष टन धान्य मागितलें. वेळ चांगली नव्हती. कोरियांत युद्ध पेटलेलें होतें; १९५१ च्या फेब्रुवारीच्या आरंभीं संयुक्त राष्ट्रसंघांत चीनला आक्रमक ठरविणारा ठराव आला, तेव्हां हिंदुस्थाननें त्याच्या विरुद्ध मत दिलें. अध्यक्ष ट्रुमन यांनीं १२ फेब्रुवारी रोजीं धान्य देण्याची शिफारस केली खरी, पण कायदेमंडळांत वाद माजला. ज्यांनीं आमच्याविरुद्ध मत दिलें त्यांस आम्हीं फुकट कां द्यावें, असें कित्येक सभासद म्हणूं लागले. त्रावणकोरच्या किनाऱ्यावरील वाळूंत मोनाझाइट सांपडतें, त्यापासून थोरियम निघतें, आणि अणुशक्तीच्या दृष्टीनें तें मोलाचें म्हणून भारत सरकारनें त्याची निर्गत बंद केली होती; तें मोबदल्यांत मागावें, मँगनीज मागावें, असाही आग्रह पडला. अटींच्या बदल्यांत धान्य नको, असें पंडित नेहरूंनीं जाहीर केलें. मधल्या काळांत रशिया व चीन येथूनही कांहीं धान्य आलें. प्रमाणानें तें अल्प, पण त्याचा गाजावाजा मोठा झाला. अखेर चार महिन्यांनीं, १५ जून १९५१ रोजीं, देणगी म्हणून नव्हे तर एकोणीस कोटी डॉलरांचें अडीच टक्के व्याजाचें कर्ज म्हणून वीस लक्ष टन गहूं मंजूर झाला. कर्ज ठरलें ह्याचें दिल्लीस वाईट वाटलें नाहीं. ऋण फेडतां येतें. उपकार फेडतां येत नाहीं, आणि त्याची आठवण मात्र वेळोवेळीं करून दिली जाते, हें त्या चार महिन्यांत दिल्लीच्या पुरतें लक्षांत आलें होतें.

तीन वर्षांत परिस्थिति उलटली. १९५३ मध्यें कोरियाचें युद्ध थांबलें. युरोपांतील शेती मार्शल योजनेच्या साहाय्यानें पुन्हां उभी राहिली, व तेथील अमेरिकन गव्हाची मागणी ओसरली. पण अमेरिकन शेतकऱ्यास तर सरकारनें १९३३ पासून भावाची हमी दिलेली. बाजार उतरला कीं तो आपला माल सरकारी महामंडळाच्या गळ्यांत बांधून मोकळा होई. कोठारें भरलीं, तेव्हां महायुद्धांतून निवृत्त झालेलीं जहाजें हडसन नदींत नांगरून त्यांच्या पोटांत गहूं सांठविण्यांत आला. हा गहूं घरच्या बाजारांत आणावा तर भाव कोसळणार, नष्ट करावा तर जगांत नाचक्की होणार, राखावा तर भाडें चढत जाणार. ह्या पेंचांतून १० जुलै १९५४ रोजीं अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या सहीनें जो कायदा झाला, त्याचा अनुक्रमांक ४८०. त्यावरून पब्लिक लॉ ४८०, आणि आपल्या बाजारपेठांतून नुसतें पी. एल.

ह्या कायद्याचें पूर्ण नांव वाचण्यासारखें आहे. अमेरिकन शेतमालाचा परदेशांतील खप वाढविणें, अमेरिकेचे परराष्ट्रांशीं असलेले संबंध सुधारणें, आणि इतर हेतु साधणें, एवढ्यासाठीं हा कायदा, असें तें नांवच सांगतें. भुकेलेल्यांचा उल्लेख त्या नांवांत नाहीं. तो असलाच तर 'इतर हेतूं'त. ताम्रपट लिहविणाऱ्या राजांपेक्षां अमेरिकन कायदेमंडळ अधिक प्रांजळ होतें, असें म्हणणें प्राप्त आहे. १९६१ सालीं अध्यक्ष केनेडी यांनीं ह्या कार्यास अधिक महत्त्व दिलें, व 'शांततेसाठीं अन्न' हें नांव सर्वतोमुखीं झालें. पण तें नंतरचें. मूळ लेखावर पुढें चढविलेला हा मुलामा आहे, व संशोधकानें मूळ पाठच प्रमाण धरावा.

कायद्याचे तीन भाग होते. दुसऱ्या भागांत दुष्काळासारख्या आपत्तींत धान्य फुकट देण्याची, आणि तिसऱ्यांत परोपकारी संस्थांच्या द्वारें वांटण्याची व वस्तुविनिमयाची तरतूद होती. शाळांतून मुलांना जी दुधाची भुकटी मिळे ती ह्यांपैकीं. तिच्या पिशव्यांवर एकमेकांत गुंतलेल्या दोन हातांचें चित्र असे, तें माझ्या वयाच्या अनेकांस आठवत असेल. परंतु हिंदुस्थानास आलेलें बहुतेक धान्य पहिल्या भागाखालचें, आणि त्या भागाचें नांव विक्रीचें होतें. व्यवहार असा : अमेरिकन सरकार आपल्या व्यापाऱ्यांस डॉलर देई; व्यापारी गहूं जहाजावर चढवीत; भारत सरकार त्याची किंमत रुपयांत मोजून तें रुपये येथेंच अमेरिकेच्या खातीं जमा करी. त्या रुपयांचे डॉलर करून नेण्याची मात्र मुभा नव्हती. त्यांचा कांहीं भाग अमेरिकन वकिलातीच्या येथील खर्चास, कांहीं भाग खाजगी कंपन्यांना कर्जाऊ, आणि मोठा भाग भारत सरकारलाच विकासकार्यासाठीं कर्ज किंवा अनुदान म्हणून परत, अशी वांटणी प्रत्येक करारांत लिहिलेली असे.

आपल्या शास्त्रकारांनीं दानाचें लक्षण नेमकें केलेलें आहे : आपलें स्वत्व निवृत्त करून दुसऱ्याचें स्वत्व उत्पन्न करणें. देवगिरीच्या यादवांचा करणाधिप हेमाद्रि यानें चतुर्वर्गचिंतामणीच्या दानखंडांत ह्या विषयाचा जो विस्तार केला आहे त्यांत देवलाच्या मतें दानाचीं सहा अंगें येतात : दाता, प्रतिग्रहीता, श्रद्धा, धर्मानें मिळविलेलें देय, देश आणि काल. ह्या लक्षणास लावून पाहतां पहिल्या भागाखालचा गहूं दान ठरत नाहीं. गव्हावरचें स्वत्व गेलें, पण त्याच्या जागीं रुपयांवरचें स्वत्व आलें. म्हणजे विक्रय. पण ज्याचें मूल्य विक्रेत्यास घरीं नेतां येत नाहीं, आणि जें बहुतांशीं पुन्हां घेणाऱ्याच्याच हातीं सोंपवावें लागतें, त्यास शुद्ध विक्रय तरी कसा म्हणावा ? अर्थशास्त्रज्ञ म्हणतील कीं, परकीय चलन न मोजतां धान्य मिळालें तितकें दानच. आणि व्यवहारदृष्ट्या तें मला मान्य आहे. शास्त्राच्या भाषेंत मात्र हा प्रश्न वीस वर्षें लोंबकळत राहिला, व त्याचा निकाल १९७४ सालीं लागला. तो पुढें येईल.

प्रथम दात्याच्या घरचा लाभ पाहूं. केन्सास, नेब्रास्का, उत्तर डाकोटा येथील शेतकऱ्याचा माल उठला व भाव टिकला, हें उघडच आहे. दुसरा लाभार्थी सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं : तो जहाजवाला. १९५४ च्याच ऑगस्टांत एक वेगळा कायदा होऊन सरकारी पैशानें परदेशीं जाणाऱ्या मालापैकीं निदान निम्मा अमेरिकन निशाणाच्या जहाजांतूनच गेला पाहिजे असें ठरलें. अमेरिकन जहाजांचें भाडें इतरांहून फार. तें मोठ्या प्रमाणावर साहाय्याच्या खात्यांतूनच निघे. हें प्रमाण १९८५ मध्यें अन्नसाहाय्यापुरतें पाऊणपट करण्यांत आलें, व २०१२ मध्यें पुन्हां निम्म्यावर आणलें गेलें. कायदा नाहींसा कधींच झाला नाहीं. तिसरा लाभार्थी कंपनीवाला. १९५७ सालीं कुली नांवाच्या सभासदाच्या दुरुस्तीनें जमा झालेल्या परकीय चलनापैकीं पंचवीस टक्क्यांपर्यंतची रक्कम त्या त्या देशांत धंदा करणाऱ्या अमेरिकन कंपन्यांस कर्ज देण्यासाठीं राखली गेली. हिंदुस्थानांत कारखाना काढणाऱ्या अमेरिकन कंपनीस गव्हाच्या रुपयांतून भांडवल मिळूं लागलें. त्याच वर्षीं ह्युबर्ट हम्फ्री यांनीं कायदेमंडळाच्या समितीपुढें बोलतांना, परके लोक अन्नासाठीं आपल्यावर अवलंबून राहूं लागले तर ती आपल्या दृष्टीनें चांगलीच वार्ता होय, अशा आशयाचें मत मांडलें. हम्फ्री हे हिंदुस्थानचे हितचिंतक म्हणून गणले जात, हें येथें ध्यानांत ठेवावें. त्यांचें हें बोलणें टीकाकार नेहमी पुढें करतात. मला मात्र त्यांत दुष्टपणापेक्षां वकिलीचा भाग अधिक दिसतो. गव्हाच्या प्रांतांतून निवडून आलेल्या सभासदांचीं मतें मिळवावयाचीं, तर त्यांच्या फायद्याचीच भाषा बोलली पाहिजे. भुकेल्यांविषयीं कळवळा असणाऱ्यांनाही तो कळवळा लाभाच्या गोणींत घालूनच पाठवावा लागे.

ही गोष्ट केवळ त्या काळची नव्हे. १९६१ सालीं स्थापन झालेली अमेरिकेची परराष्ट्र-साहाय्य संस्था १ जुलै २०२५ रोजीं बंद करण्यांत आली. तिच्या औषधांवर जगणाऱ्या आफ्रिकेंतील रोग्यांचा आक्रोश झाला तो झालाच; पण अन्नसाहाय्याचें खातें तरी वाचवावें, तें शेतकी खात्याकडे द्यावें, असें विधेयक त्या वर्षींच्या आरंभींच ज्यांनीं आणलें ते प्रतिनिधि केन्सासचे होते. तेथें पिकणारी ज्वारी ह्या खात्यांतून उचलली जात असे.

आतां घेणाऱ्याच्या घरीं येऊं. १९५६ चा पहिला करार सुमारें छत्तीस कोटी डॉलरांचा होता. दुसरी पंचवार्षिक योजना नुकतीच सुरू झालेली, यंत्रें व पोलाद यांवर तिचा भर, आणि १९५७ पासून परकीय चलनाची ओढ लागलेली; अशा वेळीं डॉलर न मोजतां मिळणारा गहूं ही सरकारला पर्वणी वाटली. ४ मे १९६० रोजीं अन्नमंत्री स. का. पाटील, मुंबईचे माजी महापौर, यांनीं वॉशिंग्टन येथें खुद्द आयझेनहॉवर यांच्यासमवेत ज्या करारावर सही केली तो सर्वांत मोठा : चार वर्षांत एक कोटी साठ लक्ष टन गहूं व दहा लक्ष टन तांदूळ, किंमत सुमारें एकशें अठ्ठावीस कोटी डॉलर. दहा हजार टनांचें एक जहाज धरलें तर चार वर्षें रोज एकाहून अधिक जहाज हिंदुस्थानच्या बंदरांत लागावयास हवें, असा हिशेब होतो. ह्यांतील कांहीं धान्य अडीअडचणीसाठीं सांठवावें असा बेत होता. तो साठा अपेक्षेप्रमाणें कधींच जमला नाहीं. आलेला गहूं रेशनच्या दुकानांतून खाऊन संपला.

हा गहूं कोणी खाल्ला ? मुख्यतः शहरांनीं. मुंबई, कलकत्ता, मद्रास येथील स्वस्त धान्याच्या दुकानांतून तो गेला. आमच्याकडे तोंपर्यंत पोळी ही सणावाराची वस्तु. रोजचें अन्न भाकरी. गिरणगांवांत राहणाऱ्या आमच्या नातलगांकडे मात्र रोज पोळी असे, व गांवीं आल्यावर त्यांस भाकरी जड जाई, ह्याची घरांत थट्टा चाले. मुंबईच्या गिरण्यांत महागाईभत्ता राहणीच्या खर्चाच्या निर्देशांकास बांधलेला होता. तेव्हां स्वस्त गव्हानें कामगाराचें पोट भरलें त्याबरोबर मालकाचा भत्ताही वांचला. गिरणीमालक हाही ह्या गव्हाचा एक लाभार्थी होता, असा माझा निष्कर्ष आहे. सर्वांत मोठा लाभार्थी मात्र सरकार स्वतः. उसनवार आणलेला गहूं रोखीनें विकून आलेली रक्कम हातीं खेळे, आणि देशांतील शेतकऱ्याकडून चढ्या भावानें धान्य घेण्याची पाळी टळे.

तोटा झाला असेल तर तो ह्या शेतकऱ्याचा. १९६० सालींच अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनीं इशारा दिला कीं, फुकटाच्या धान्यानें घेणाऱ्या देशांतील शेतमालाचे भाव पडतात व शेतकऱ्याची उमेद खचते. ह्यावर पुष्कळ चर्चा झाली. पुण्याच्या गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर यांनीं १९६५ मध्यें जागतिक अन्न कार्यक्रमासाठीं, विकासाच्या काळांत अन्नाची मागणी कशी वाढते व अन्नसाहाय्य कोणत्या अटींवर उपयोगी पडतें, ह्याचा विचार मांडला. १९७२ मध्यें आयोवा येथील अभ्यासकांनीं हिशेब करून दाखविलें कीं, हा गहूं वेगळ्या दुकानांतून, खुल्या बाजाराबाहेर विकला गेल्यामुळें भावांवरील दुष्परिणाम समजला जात होता तितका मोठा नव्हता. दोन्ही पक्ष आंकड्यांत बोलतात, आणि आंकड्यांचा निवाडा करण्याचा माझा अधिकार नाहीं. परंतु ज्या मुलखांत मी वाढलों तेथील कोरडवाहू शेतकऱ्याचें नुकसान भावापेक्षां उपेक्षेनें झालें, असें मला वाटतें. बंदरांत गहूं येत आहे तोंवर सोलापूरच्या माळावर काय पिकतें ह्याची चिंता दिल्लीस करण्याचें कारण उरलें नव्हतें.

ही निश्चिंति १९६५ सालीं संपली. १९६४-६५ मध्यें देशांत आठ कोटी नव्वद लक्ष टनांच्या आसपास धान्य पिकलें होतें. १९६५-६६ मध्यें पाऊस गेला व तें सात कोटी तेवीस लक्षांवर उतरलें. त्यांतच सप्टेंबरांत पाकिस्तानशीं युद्ध झालें आणि अमेरिकेनें उभय देशांचें साहाय्य थांबविलें. पंतप्रधान लालबहादुर शास्त्री यांनीं सोमवारीं एक वेळ उपास करण्याचें आवाहन केलें. अध्यक्ष जॉन्सन यांनीं दीर्घ मुदतीचे करार बंद करून गहूं महिन्या-दोन महिन्यांपुरता मोजून द्यावयाचें धोरण धरलें. आखूड दाव्यास बांधलेल्या जनावरासारखी ही स्थिति होती. किती गहूं सोडावयाचा हें ते स्वतः ठरवीत, व हिंदुस्थानांतील पावसाचे तक्ते मागवून पाहत असत.

दाव्याच्या टोंकास काय होतें ? नोव्हेंबर १९६५ मध्यें रोम येथें अमेरिकेचे शेतकीमंत्री फ्रीमन आणि आपले अन्नमंत्री सी. सुब्रह्मण्यम् यांच्यांत समझोता झाला. शेतीवर अधिक पैसा, रासायनिक खतांच्या कारखान्यांत परकीय भांडवलास सवलती, नवें बियाणें. ह्यांपैकीं पुष्कळ गोष्टी सुब्रह्मण्यम् यांना स्वतःलाच करावयाच्या होत्या, व बाहेरच्या दडपणाचा उपयोग त्यांनीं घरच्या विरोधकांविरुद्ध करून घेतला, असें दिसतें. त्यानंतर ६ जून १९६६ रोजीं रुपयाचें अवमूल्यन झालें; डॉलरास चार रुपये शहात्तर पैसे पडत ते साडेसात पडूं लागले. ह्यांत जागतिक बँकेचा व अमेरिकेचा आग्रह होता, हें लपून राहिलें नाहीं. परंतु दाव्याचा तिसरा पदर राजकारणाचा होता. जुलै १९६६ मध्यें इंदिरा गांधी मॉस्कोस गेल्या आणि तेथील संयुक्त पत्रकांत व्हिएतनामविषयीं अमेरिकेस बोंचणारे शब्द आले. त्यानंतर गव्हाच्या मंजुरीस विलंब होऊं लागला. त्याच वर्षीं कायद्यांत बदल होऊन क्यूबा व उत्तर व्हिएतनाम यांशीं व्यापार करणाऱ्या राष्ट्रांस हें धान्य देऊं नये असें ठरलें.

येथें न्याय करावयाचा तर दुसरी बाजूही तितक्याच जोरानें सांगितली पाहिजे. १९६६ सालीं हिंदुस्थानांत सुमारें एक कोटी टन धान्य बाहेरून आलें. अमेरिकेच्या गव्हाच्या पिकाचा जवळ जवळ पांचवा हिस्सा एकट्या हिंदुस्थानकडे वळला. बंदरांत उतरलेला गहूं कोठारांत न जातां थेट दुकानांत जात होता. बिहारांत १९६६-६७ सालीं १९४३ च्या बंगालची पुनरावृत्ति झाली नाहीं, ह्याचें श्रेय येथील अधिकाऱ्यांस व स्वयंसेवकांस आहेच, पण धान्यावांचून त्यांनीं काय वांटलें असतें ? दात्याचा हेतु संमिश्र होता म्हणून वांचलेला जीव कमी वांचला असें होत नाहीं. आणि दाव्याचा कांच बसल्यानेंच दिल्लीनें शेतीकडे तोंड फिरविलें, असेंही म्हणतां येईल. १९६६ मध्यें मेक्सिकोहून अठरा हजार टन गव्हाचें बियाणें आलें. देशांतील गव्हाचें पीक १९६४-६५ मध्यें सवा कोटी टनांच्या आंत होतें तें १९६९-७० मध्यें दोन कोटींवर गेलें. तें पंजाबांत व हरियाणांत गेलें, आमच्या माळावर नव्हे. पण तो वेगळा विषय आहे.

इकडे अमेरिकेच्या खातीं रुपयांचा डोंगर झाला होता. वकिलातीनें कितीही खर्च केला तरी तो सरेना. १९६६ च्या मार्चमध्यें त्यांतून तीस कोटी डॉलरांच्या मोलाचें एक हिंदी-अमेरिकन शिक्षणप्रतिष्ठान काढावें असें जॉन्सन यांनीं सुचविलें, तेव्हां परकीय पैशानें आमचीं विद्यापीठें चालणार काय, असा गिल्ला झाला आणि तो बेत सोडून द्यावा लागला. एवढी रक्कम परक्या सरकारच्या हातीं असणें हिंदुस्थानास बोंचे, आणि ती खर्चतां न येणें अमेरिकेसही भूषणावह नव्हतें. शेवटीं राजदूत मॉयनिहान यांच्या खटपटीनें १८ फेब्रुवारी १९७४ रोजीं करार झाला, व त्यांनीं भारत सरकारच्या हातीं एक हजार सहाशें चौसष्ट कोटी रुपयांचा धनादेश दिला. इतक्या मोठ्या रकमेचा धनादेश त्यापूर्वीं लिहिला गेला नसल्याची नोंद विक्रमांच्या पुस्तकांत झाली. उरलेला सुमारें तृतीयांश भाग अमेरिकेनें आपल्या येथील खर्चास ठेवला.

शास्त्रदृष्ट्या स्वत्वाची निवृत्ति झाली ती ह्या दिवशीं. गहूं खाऊन लोकांस कांहीं वर्षें लोटलीं होतीं. संकल्प आयझेनहॉवर यांच्या सरकारनें केला आणि उदक सोडलें निक्सन यांच्या सरकारनें. त्या दिवशीं देशांत एक दाणा अधिक आला नाहीं कीं एक रुपया नवा आला नाहीं. सरकारी वहींतील एक देणें पुसलें गेलें इतकेंच. गीतेंत सांगितलेल्या तीन दानांपैकीं हें कोणतें, ह्यावर एकदां आम्हां शिक्षकांत वाद झाला होता. प्रत्युपकाराची अपेक्षा धरून दिलेलें तें राजस, हें सर्वांस ठाऊक. पण अपेक्षेनें दिलेल्या वस्तूचें येणें, अपेक्षा विफल झाल्यावर, मागाहून सोडून दिलें तर तें कोणत्या वर्गांत घालावें, ह्याचा निर्णय आम्हांस देतां आला नाहीं.

ह्या रुपयांचा एक विनियोग राहिला, तो आम्हां ग्रंथप्रेमींच्या जिव्हाळ्याचा आहे. १९५८ मध्यें डिंगेल नांवाच्या सभासदाच्या दुरुस्तीनें असें ठरलें कीं, सांठलेल्या परकीय चलनांतून त्या त्या देशांतील ग्रंथ अमेरिकन ग्रंथालयांसाठीं घ्यावे. त्याप्रमाणें १९६२ सालीं लायब्ररी ऑफ काँग्रेसची कचेरी दिल्लीस उघडली, आणि हिंदुस्थानच्या निरनिराळ्या भाषांतील नवीन पुस्तकें, त्यांत मराठीही, अनेक प्रतींनीं विकत घेऊन शिकागो, पेन्सिल्वानिया, कॅलिफोर्निया इत्यादि विद्यापीठांकडे जाऊं लागलीं. कादंबऱ्या, कवितासंग्रह, स्थानिक इतिहासाचीं लहान पुस्तकें, नियतकालिकें, सर्व कांहीं. रुपये संपल्यावर त्या ग्रंथालयांनीं आपल्या डॉलरांतून ही खरेदी पुढें चालविली. चार वर्षांपूर्वीं आमच्या तालुक्याच्या इतिहासाविषयीं साठच्या सुमारास निघालेली एक पुस्तिका मला हवी होती. ज्या गांवीं ती छापली तेथें मिळाली नाहीं, जिल्ह्याच्या ठिकाणीं मिळाली नाहीं. लेखकाच्या घरीं होती ती वाळवीनें खाल्ली. अखेर शिकागो येथें नोकरीस असलेल्या एका जुन्या विद्यार्थ्यानें तेथील विद्यापीठाच्या ग्रंथालयांतून तिचीं सर्व पानें टिपून पाठविलीं. सूचीच्या पत्रकाचेंही चित्र त्यानें सोबत जोडलें होतें. त्यावर पुस्तिकेच्या नांवाखालीं पी. एल. ४८० असा निर्देश होता.